आवडीचा पाऊस आणि साथीचं गणित

चेन्नईजवळच्या आवडीत ऑक्टोबर लागला की आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात साथरोगतज्ज्ञांचं पीक येतं. एरवी या गटात भाजणी कुठे मिळेल, मुंबईच्या गाडीचं आरक्षण कधी उघडेल आणि गणपतीच्या वर्गणीत कोण मागे आहे, एवढंच चालतं. पण पहिली मोठी सर येते, कुणाच्या तरी मुलाला ताप भरतो आणि सूर बदलतो. "अंबत्तूरला डेंग्यू सुरू झालाय." "दिवाळीपर्यंत चढेल, मग उतरेल." "माझं ऐका, पंधरा दिवस जपून काढा, संपलंच." कारखान्याच्या आराखडा विभागातून निवृत्त झालेले एक काका तर आलेखच काढून पाठवतात. तो नेहमी देखणा असतो. डावीकडून सावकाश चढतो, मध्ये गोलसर माथा, आणि उजवीकडे तितक्याच सावकाश उतरतो. ताप मात्र काकांचा आलेख न बघताच पसरतो.

खरं तर आम्हाला इथल्या आजारपणाचा अंदाज बांधायचा अधिकारच नाही. गटातले निम्मे लोक अंबरनाथ, खडकी, देहूरोड अशा ठिकाणांहून इथल्या रणगाड्यांच्या कारखान्यांच्या निमित्ताने आले. सगळ्यांच्या अंगात जूनचा पाऊस मुरलेला. मृग लागला की आलं घालून चहा, पायाला चिखल्या, मुलांना सर्दी, आषाढात वडे, श्रावणात उपास, असा आमच्या देहाचा धर्म. आवडीत जून म्हणजे घामाने निथळायचा महिना. इथला खरा पाऊस आयप्पसी आणि कार्तिगै या तमिळ महिन्यांत, म्हणजे आपल्याकडे कोजागरीचं दूध पिऊन झाल्यावर सुरू होतो. आमचं पंचांग आणि इथले ढग यांच्यात चार महिन्यांचं अंतर आहे. दर जूनला आम्ही उगाचच काढा करतो आणि दर नोव्हेंबरला बेसावध सापडतो.

काकांच्या आलेखाचं कूळ शोधायला गेले, तर ते थेट मुंबईत निघालं.

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांचा एक लेख आला. साथीच्या गणिताचं आजचं सगळं शास्त्र त्या लेखाच्या खांद्यावर उभं आहे. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा संचालक होता, पुढे एडिंबरोला परतला. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेली, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. त्यानंतरचं सगळं गणित त्याने डोळ्यांपुढे कागद नसताना केलं. त्या लेखात उदाहरण म्हणून एकच खरा आलेख आहे, आणि तो मुंबई बेटाचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबईत दर आठवड्याला प्लेगने किती माणसं गेली, त्याचा.

त्यांची कल्पना समजायला चेन्नईत राहणाऱ्या माणसाला अवघड नाही, कारण इथे प्रत्येक स्वयंपाकघरात पाण्याची पिंपं असतात. समजा, ओळीने तीन पिंपं मांडली आहेत. पहिल्यात अजून आजारी न पडलेली माणसं. दुसऱ्यात आजारी, म्हणजे दुसऱ्यांना रोग देऊ शकणारी. तिसऱ्यात बरी झालेली किंवा देवाघरी गेलेली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणारा नळ आपल्या ठरलेल्या वेगाने वाहतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाणारा नळ मात्र खोडकर आहे. दुसरं पिंप जितकं भरेल तितका तो जास्त उघडतो, आणि पहिलं पिंप तळाला गेलं की त्याची धार बारीक होते. म्हणून साथ आधी चढते आणि मग, पहिलं पिंप पूर्ण रिकामं व्हायच्या आतच, उतरते. सगळेच्या सगळे आजारी पडायची गरज नसते. त्या काळात हे अनेकांना नवं होतं. साथ थांबते ती जंतूंचा जोर ओसरल्यामुळे, असंच पुष्कळांना वाटे.

हे गणित मुंबईच्या आकड्यांना लावून दोघांनी जे सूत्र काढलं, त्यात आकडे तीनच आहेत: ८९०, ०.२ आणि ३.४. बाकी सगळं काम हायपरबोलिक सीकंट नावाच्या फलाचा वर्ग करतो. ते नाव ऐकून घाबरू नका, आकडेच काय ते बोलतात. ३.४ ला ०.२ ने भागलं की १७ येतात, म्हणजे सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यावर, साथीचा माथा. त्या माथ्यावर आठवड्याला ८९० मृत्यू. सूत्राची रेषा आणि मुंबईच्या कारकुनांनी नोंदवलेले ठिपके शेजारी शेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल, वा! काकांचा आलेख तो हाच. चढ, गोलसर माथा, उतार. गेली नव्वदहून अधिक वर्षं तो पाठ्यपुस्तकांतून छापला जातोय आणि विद्यार्थी माना डोलावताहेत.

आता मुंबईत राहिलेल्या कुणालाही एक साधा प्रश्न विचारा. डिसेंबर आणि जुलै हे एकाच शहरातले महिने वाटतात का? डिसेंबरात कपाटातून निघालेली शाल, मे महिन्यातली चिकचिक आणि जुलैत हिंदमाताला तुंबलेलं गुडघाभर पाणी. सूत्रात मात्र आठही महिने दोन्ही नळ सारखेच. हवा बदलते याची सूत्राला दादच नाही.

आणि प्लेगला तर हवेशीच घेणं होतं. हा रोग मुळात उंदरांचा. उंदरावरची पिसू उंदीर मेला की माणसाकडे वळते. त्या पिसवांना आणि त्यांच्या पोटातल्या जंतूंना कडक उन्हाळा मानवत नाही. म्हणून १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत पहिला रोगी ओळखला, तिथपासून पुढची कितीतरी वर्षं मुंबईचा प्लेग दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चढत राहिला आणि उन्हाळा तापला की उतरत राहिला. १९०६ चा उतार पहिलं पिंप आटल्याने आला, असं सूत्र सांगतं. पण पावणेदहा लाखांच्या त्या शहरात पिंप तसं भरलेलंच होतं. उतार आणला तो मुख्यतः ऋतूने. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर याने २०१२ मध्ये हे सगळं मांडून ऋतूसकट नवं गणित केलं. मूळ जोडगोळीवर यात अन्याय करू नये. नळ स्थिर धरणं खरं नाही, जुळणी ढोबळच समजावी, तिच्यातून आकड्यांचे अर्थ काढू नयेत, असं त्यांनी १९२७ मध्येच लिहून ठेवलं होतं. पाठ्यपुस्तकांनी आलेख घेतला आणि ते वाक्य तिथेच सोडलं.

आपल्या पणज्यांचं त्या वेळचं सूत्र याहून आटोपशीर होतं. घरात उंदीर पडला की घर सोडायचं आणि गावाबाहेर रानात झोपडी घालून राहायचं. त्यात सीकंट नव्हता, पण जंतू माणसापर्यंत पोचायच्या आधीचं चिन्ह त्यात होतं. आजचे शास्त्रज्ञ असं चिन्ह शोधण्यासाठी मोठमोठे प्रकल्प आखतात.

हा किस्सा मी वरच्या मजल्यावरच्या मामींना सांगितला. मामी पालक्काडच्या, पण अर्धं आयुष्य माटुंग्यात काढलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्या सुनेपेक्षा चांगलं आहे. त्या गच्चीवर वडाम, म्हणजे तमिळ कुरडया, वाळत घालत होत्या.

"म्हणजे वहिनी, हिशेब चुकला पण उत्तर बरोबर आलं?"

"तसंच म्हणायचं."

"आमच्या मुलाला परीक्षेत असे मार्क कुणी दिले नाहीत."

मामींचं म्हणणं रास्त आहे, पण गणितवाल्यांनी हा अपमान गिळून काम सुरूच ठेवलं. त्यांनी नशीब सूत्रात आणलं. आणलं ते दोन निराळ्या दारांनी, आणि त्या दोन नशिबांतला फरक मला या सगळ्या प्रकरणात फार आवडला.

पहिलं नशीब माणसामाणसातलं. कुणाच्या शेजारी कोण बसलं, कोण शिंकलं, कुणाचा डबा कुणी खाल्ला. याचं उदाहरण पुन्हा मॅकेंड्रिकनेच दिलं आहे, १९२६ साली, आणि तेही भारतातल्याच एका खेड्याचं. खेड्यात पटकीची साथ आली. घरं २२३. त्यांतल्या १६८ घरांत कुणीच आजारी पडलं नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन दोन, ६ घरांत तीन तीन, आणि एका बिचाऱ्या घरात चार.

आता हे आपलं गाव आहे असं समजा. १६८ घरांपैकी प्रत्येक घर काय सांगेल? आमच्याकडे रोज तुळशीचा काढा असतो. आम्ही बाहेरचं खात नाही. आमच्या सासूबाईंचं सोवळं कडक. आम्ही मरीआईला वेळेवर नैवेद्य दाखवला. आपल्याकडे तर मरीआईचा गाडा वाजतगाजत काढून शिवेपलीकडे सोडायची रीत होती. पुढचं गाव तो गाडा त्याच्यापुढच्या शिवेवर नेऊन सोडी. साथ गावागावांतून कशी सरकते याचा एवढा मन लावून केलेला प्रयोग जगात दुसरीकडे झाला नसेल.

मॅकेंड्रिकने सासूबाईंना विचारलं नाही. त्याने फक्त आजारी घरांचे आकडे घेतले. एक, दोन, तीन, चार असे रोगी ज्या प्रमाणात पडलेत ते पाहून त्याने उलटा प्रश्न केला. हा निव्वळ नशिबाचा खेळ असता तर धोक्यात असूनही सुटलेली घरं किती निघाली असती? उत्तर आलं ३८ च्या आसपास. म्हणजे धोक्यात होती जेमतेम ९३ घरं, त्यांतली ५५ सापडली आणि ३८ नशिबाने वाचली. उरलेली १३० घरं खेळातच नव्हती. त्याने अनुमान काढलं की गावात विहिरी अनेक असाव्यात आणि ही ९३ घरं एका दूषित विहिरीचं पाणी पीत असावीत. थोडक्यात, ३८ घरं दैवाने वाचली, १३० घरं विहीर वेगळी म्हणून वाचली, आणि काढ्याची तारीफ १६८ घरांनी केली. आमच्या व्हॉट्सॲप गटाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

या पहिल्या नशिबाचा एक गुण असा की गर्दीत ते विरघळून जातं. लहान गावात एका शिंकेने फरक पडतो. लाखोंच्या शहरात शिंका एकमेकींची भरपाई करतात आणि रेषा गुळगुळीत होते. मॉरिस बार्टलेट या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये गोवराचा अभ्यास करून सांगितलं की लोकवस्ती अडीच-तीन लाखांच्या वर असेल तरच गोवर शहरात कायम मुक्काम करतो. त्याहून लहान गावात मधूनमधून त्याचा दिवा विझतो आणि बाहेरून कुणी येऊन पेटवावा लागतो. याच बार्टलेटच्या हाताखाली मँचेस्टरला डॉक्टरेट केलेले अल्लादी रामकृष्णन यांनी १९६२ मध्ये चेन्नईत गणितविज्ञान संस्था उभी केली. कोविडच्या काळात त्याच संस्थेतले सिताभ्र सिन्हा एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो याचे अंदाज देत होते, तेव्हा मला हे घराणं पाहून बरं वाटलं होतं. आवडीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेतीन लाखांच्या आसपास होती. बार्टलेटच्या मापाने गोवराला आमच्याकडे भाड्याने राहता येईल एवढी. अर्थात आता लसी आहेत, आणि आवडी चेन्नईला लोकलने इतकी चिकटलेली आहे की तिचा वेगळा हिशेब करणं म्हणजे परळचा हिशेब लालबाग सोडून करणं.

दुसरं नशीब आभाळातलं. हे गर्दीत विरघळत नाही, कारण पाऊस पडतो तो सगळ्यांवर एकदम पडतो. तीन लाख माणसांच्या शिंका एकमेकींना खोडून काढतात. तीन लाख माणसांच्या गच्चीवर एकाच रात्री साचलेलं पाणी कुणाला खोडून काढणार? शहर जितकं मोठं तितका अंदाज पक्का, ही समजूत इथे कोसळते. मुंबईची १९०६ ची रेषा गुळगुळीत आली ती गर्दीमुळे, आणि सूत्र फसलं ते ऋतूमुळे. ऋतू तरी बिचारा ठरलेला असतो, त्याला सूत्रात बसवता येतं. खरा त्रास न ठरलेल्या हवेचा. चेन्नईत २०१५ च्या डिसेंबरात पूर आला तेव्हा सगळं शहर पाण्याखाली होतं, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटून प्लास्टिकच्या रंगीत कुडमांच्या, म्हणजे घागरींच्या, रांगा टँकरमागे धावत होत्या. यातलं कोणतं वर्ष सूत्रात घालायचं?

म्हणून गणितवाले नळाचा दाबच हलता ठेवतात. दर क्षणाला तो थोडा वर, थोडा खाली, कुठे जाईल ते कुणालाच माहीत नाही. फक्त किती हेलकावे खाईल तेवढं ठरवायचं. या हलत्या दाबाचं कलनशास्त्र जपानी गणिती कियोशी इतो याने दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४ मध्ये, मांडलं. त्यातून एक गोष्ट निघते ती पहिल्यांदा ऐकली की पटत नाही, म्हणून थोडं थांबून सांगते.

समजा तापाचे १०० रोगी आहेत. एका आठवड्यात पावसाने ते निम्म्याने वाढले, पुढच्या आठवड्यात कोरड्या हवेने निम्म्याने घटले. वाढ ५० टक्के, घट ५० टक्के, सरासरी शून्य. मग रोगी किती उरले? १०० चे १५०, आणि १५० चे ७५. हेलकाव्यांनी कुणाचंही भलं न करता पंचवीस रोगी खाल्ले! ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या ॲलिसन ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये, एकदा होऊन पुन्हा होऊ शकणाऱ्या आजारांसाठी, हेच काटेकोर सिद्ध केलं. हवेचे हेलकावे पुरेसे मोठे असतील तर स्थिर हवेत जो रोग कायमचा राहिला असता तोही नाहीसा होऊ शकतो.

मामींनी लगेच मुद्दा पकडला. "मग हवा आणखी बिघडू दे की. रोग आपोआप जाईल."

"शेवटी जाईल, मामी. मध्ये एखाद्या आठवड्यात शंभराचे तीनशे होतील, त्याचं काय?"

"तेव्हा दवाखान्यात खाट कोण देणार? सूत्र?"

मामींनी गणिताच्या प्राध्यापकाचं काम केलं. साथ कधी संपेल हे सिद्ध करणारं कोणतंही प्रमेय मधल्या वाईट आठवड्यात सलाइन लावायला येत नाही. आणि पावसात रोगी तिप्पट व्हायचे पण कोरड्या हवेत फक्त एक चतुर्थांशाने घटायचे, असं असलं तर माझं १०० चं ७५ कुठल्या कुठे जातं. प्रमेय खरं, पण त्यातला पाऊस आपला पाऊस आहे का, हे प्रत्येक वेळी बघावं लागतं.

एकाच रेषेवर विसंबायचं काय होतं ते आपण सगळ्यांनी २०२० साली पाहिलं. २४ एप्रिलच्या दिल्लीतल्या सरकारी पत्रकार परिषदेत एक आलेख दाखवला गेला. त्याची रेषा १६ मेला शून्यावर टेकत होती. त्याच मेमध्ये चेन्नईचा कोयंबेडू भाजीबाजार करोनाचं केंद्र ठरला आणि ५ तारखेला बंद करावा लागला. आमच्या घरी तेव्हा आठवडाभर फक्त सुरण होता. रेषा काढणाऱ्यांची बुद्धी कमी होती असं मुळीच नाही. त्यांनी एक रेषा काढली आणि तिच्या दोन्ही बाजूंना जो जाड पट्टा हवा होता तो लोकांपर्यंत पोचला नाही, एवढंच.

हा पट्टा मागायची सवय आपल्याला नाही. ज्योतिषाकडेही आपण तारीखच मागतो. "१० डिसेंबर ते १५ फेब्रुवारीच्या दरम्यान, नव्वद टक्के खात्रीने, विवाहयोग दिसतो" असं कुणी म्हणालं तर दक्षिणा परत मागू.

आता आवडीचीच एक गोष्ट, जी इथे राहूनही मला फार उशिरा कळली. आग्र्याच्या केंद्रीय जालमा कुष्ठरोग संस्थेचं क्षेत्रीय केंद्र आवडीत होतं, आणि डॉ. मोहन गुप्ते तिथले प्रमुख. नव्वदीच्या सुरुवातीला, १९९१ ते १९९३ मध्ये, त्यांच्या चमूने चेंगलपट्टू भागातल्या गावांत कुष्ठरोगावरच्या लशींची मोठी तुलना केली. १,७१,४०० माणसांनी स्वेच्छेने दंड पुढे केले. चार लशी होत्या आणि पाचवं औषध म्हणून नुसतं पाणीवजा इंजेक्शन. त्यातली एक लस मुंबईची, परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात वाढवलेल्या जिवाणूपासून केलेली. तो जिवाणू १९५८ मध्ये वेगळा काढला पुण्याच्या कमल रणदिवे आणि त्यांचे सहकारी बापट यांनी. म्हणजे लस परळची, चाचणी आवडीची आणि मधला धागा मराठी. निकाल आला तेव्हा मुंबईच्या लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं, बीसीजी आणि मृत कुष्ठजंतूंच्या मिश्रणाने ६४, आणि एकट्या बीसीजीने ३४.१. पुढे १९९९ मध्ये हे केंद्र आणि चेन्नईची वैद्यकीय सांख्यिकी संस्था मिळून राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था झाली. ती आमच्यापासून जवळ, अयप्पाक्कमला आहे, आणि गुप्ते तिचे पहिले संचालक.

त्या चाचणीत कुणाला कोणती लस मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं होतं, आणि टोचणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. हे ऐकून माझे एक शेजारी खवळले. "एवढं शास्त्र शिकून शेवटी चिठ्ठ्याच?" पण त्या चिठ्ठ्यांतच सारी हुशारी आहे. एकाच गावात, एकाच गल्लीत, शेजारी शेजारी पाचही प्रकारची माणसं आली. पाऊस पडला तर पाचांवर, उपासमार झाली तर पाचांवर, माती, पाणी, डास, सगळं पाचांना सारखं. आभाळातलं नशीब कुणाला टाळता येत नाही. ते सगळ्यांच्या पारड्यात सारखं घालता येतं आणि मग फरक दिसतो तो लशीचा. बेभरवशाच्या हवेवर माणसाने शोधलेला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्यासाठी आपण स्वतःच थोडं बेभरवशाचं व्हावं लागतं.

हवेकडे आणि मातीकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, तेही याच परिसराने दाखवलं. १९६८ मध्ये तिरुवळ्ळूर भागात क्षयावरच्या बीसीजी लशीची प्रचंड चाचणी सुरू झाली. ब्रिटनमधल्या मुलांना याच लशीने उत्तम संरक्षण दिलं होतं. इथे मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध संरक्षण निघालं शून्य. बऱ्याच तज्ज्ञांचा संशय इथल्या माती-पाण्यातल्या, क्षयजंतूच्या निरुपद्रवी भाऊबंदांवर गेला. त्यांच्याशी लोकांच्या अंगाची आधीच ओळख झालेली, त्यामुळे लशीला वेगळं काही करून दाखवायला वाव उरला नसावा. सूत्रातला नळ लंडनला एका गतीने वाहतो आणि तिरुवळ्ळूरला दुसऱ्या.

कुष्ठरोग सावकाश चालतो, त्याचं एक पाऊल म्हणजे वर्षं. डेंग्यू आणि मलेरिया मात्र पावसाच्या चालीने चालतात, आणि त्यांच्या बाबतीत चेन्नईची हवा गणितवाल्यांची खरी फजिती करते. पाऊस फार झाला की पाणी साचून डास वाढतात, एवढं कुणालाही कळतं. पण पाऊस नसला की काय? नळाला पाणी येत नाही, मग घरोघरी पिंपं, बादल्या, कुडम भरून ठेवतात, आणि डेंग्यूची डासीण तिथेच अंडी घालते. म्हणजे जास्त पाऊस वाईट आणि कमी पाऊसही वाईट. सूत्रात 'पाऊस वाढला की डास वाढतो' असं सरळ लिहून भागत नाही. मधे माणसाचा स्वभाव येतो, त्याची पाणी साठवायची भीती येते. सरकार दर हंगामात निलवेंबूचा काढा वाटतं. तो इतका कडू असतो की पिणाऱ्याला आपण रोगाशी लढतोय याची खात्री पटते. मामी तो डोळे मिटून पितात आणि मग मलाही पाजतात. १६८ घरांत आमचीही दोन घरं धरा.

शहरी मलेरियाचा डास, ॲनॉफिलीस स्टेफेन्साय, तर इथला जुना रहिवासी. आवडीत रणगाडे बनतात, १९६५ मध्ये पहिला विजयंता इथून बाहेर पडला, त्याच्याशी या डासाला काही देणंघेणं नाही. त्याला विहीर आणि गच्चीवरची उघडी टाकी पुरते. त्याचं आयुष्यही हवेवर चालतं. अंड्यापासून डास व्हायला गरमीत साधारण आठवडा लागतो, थंडीत जास्त. म्हणून सूत्रातले सगळे हेलकावे, इतोचं सगळं कलनशास्त्र, शेवटी एका टाकीच्या झाकणाखाली किती दिवस पाणी हललं नाही यावर येऊन थांबतं.

तुमच्या इमारतीच्या गच्चीवरही अशी टाकी असेलच. या रविवारी जिना चढून जा आणि तिचं झाकण बसवलेलं आहे का बघा. फुटलं असेल तर जुनी जाळीदार साडी दोरीने घट्ट बांधा, आणि साथ कधी संपणार असं कुणी तारखेसकट सांगितलं तर आधी विचारा, पाऊस किती धरलाय.